पाहून सही करावी की विश्वासाने?

इंदापूर तालुक्यातील एका माळकरी गृहस्थांनी आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या मुलाने बारामतीहून नवी मोटारसायकल घेतली. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वेळेवर पहिल्या सर्व्हिसला नेली. सकाळी गाडी वर्कशॉपमध्ये टाकली, दुपारून धुऊनपुसून परत मिळाली. मुलाने ऑइलचे पैसे दिले, दाखविला त्या जागी कागदावर सही केली आणि गाडी घेऊन घरी आला. शेजारच्या एका जाणत्याने सहज विचारले, "ऑइल खरंच बदललं का रे? चेन कुणी बघितली का?" मुलाला काही सांगता येईना. उद्या जाऊन विचारतो म्हणाला, तेव्हा वडिलांनी त्यास अडविले. "आपल्या गळ्यात माळ आहे. दुसऱ्याच्या कामावर संशय घेणं आपल्याला शोभत नाही. केलं असेल तर त्याचं पुण्य, नसेल केलं तर त्याचं पाप. पांडुरंग बघतोय." मुलगा गप्प बसला. पण वडिलांच्याच मनातून ते जाईना. म्हणून ते विचारतात, मी मुलाला सांगितले ते बरोबर की चूक?

मोटारसायकलीचा प्रश्न आमच्या मासिकात कशाला, असे काही वाचकांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या संप्रदायात कुंभाराचे चाक, सोनाराचा काटा, शिंप्याची सुई, माळ्याचे खुरपे यांतूनच परमार्थ उभा राहिला. आज आपल्या मुलांच्या हाती पाना आणि किल्ली आहे. तेव्हा प्रश्न आहे तो त्याच जातीचा.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. वडिलांचा भाव निर्मळ आहे, पण सल्ला बरोबर नाही. का नाही, ते मात्र शेजाऱ्याने दिले असते त्या कारणासाठी नव्हे. शेजारी म्हणेल, जग लबाड आहे, कुणावर विश्वास टाकू नये. हे आम्हांस मान्य नाही. आमचे म्हणणे निराळे आहे, आणि ते समजण्यासाठी आधी हे काम काय असते ते थोडे पाहू.

पूर्वी बैलगाडी होती. आसाला वंगण घातले की नाही, हे लपून राहत नसे. वंगण नसले की चाक कुरकुरे, आणि अर्ध्या कोसावरून घरच्या माणसाला कळे की आपली गाडी येत आहे व ती कोरडी चालली आहे. बैलाच्या पायाला पत्री ठोकली की नाही, हे बैल उभा राहिला की दिसे. काम आणि कामाचा पुरावा हे एकाच जागी असत. मोटारसायकलीचे तसे नाही. नव्या इंजिनात पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडर, गिअरचे दाते, हे सगळे एकमेकांशी घासून जागेवर बसत असतात. त्या घासण्याने धातूचा अगदी बारीक कीस निघतो आणि तो ऑइलमध्ये उतरतो. म्हणून बहुतेक गाड्यांची पहिली सर्व्हिस पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा महिना-दीड महिन्याच्या आत ठेवलेली असते. कीस घेतलेले ते पहिले ऑइल काढून टाकावे आणि ताजे घालावे, हा तिचा मोठा हेतू. त्याखेरीज नवी चेन ताणून सैल पडते ती बेताची करावयाची, नवे नट-बोल्ट हादऱ्याने ढिले होतात ते आवळावयाचे, क्लच-ब्रेकची ढिलाई पाहावयाची, चाकांतली हवा पाहावयाची. काही गाड्यांत वाल्वची फटही तपासावी लागते.

आता यांतले पहिले आणि मुख्य काम झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी काय होते? काही होत नाही. गाडी तशीच सुरू होते, तशीच पळते. महिनाभर होत नाही, वर्षभरही कदाचित होणार नाही. झीज होत राहते, आणि तीन-चार वर्षांनी गाडी धूर टाकू लागते किंवा इंजिन वाजू लागते, तेव्हा ती पहिली सर्व्हिस कुणाला आठवत नाही. मिस्त्री तोवर दुसऱ्या दुकानी गेलेला असतो. ज्याने नुकसान केले त्याला ते ठाऊक नाही, ज्याचे झाले त्यालाही ठाऊक नाही. केलेले काम आणि न केलेले काम बाहेरून सारखेच दिसते. धुतलेली टाकी दोहोंतही तितकीच चमकते. गाडी धुणे हे सर्व्हिसमधले सर्वांत हलके काम, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसणारे तेवढेच. म्हणून ते मात्र कधी चुकत नाही! असो.

अशा न दिसणाऱ्या कामाच्या शेवटी एक कागद पुढे येतो. त्यास जॉब कार्ड म्हणतात. त्यावर कामांची यादी असते, यादीपुढे बरोबरच्या खुणा असतात, आणि खाली बहुधा असा मजकूर असतो की काम माझ्या समाधानाप्रमाणे झाले, गाडी नीट स्थितीत मिळाली. त्याखाली गिऱ्हाइकाची सही. आमच्या प्रश्नकर्त्यांनी या सहीकडे लक्ष दिलेले नाही, आणि आमच्या मते सगळा प्रश्न तेथेच आहे. पांडुरंग बघतो आहे हे खरे. पण त्या कागदावर पांडुरंगाने सही केलेली नाही. मुलाने केली आहे. "मी पाहिले, माझे समाधान झाले" असे त्याने लिहून दिले, आणि पाहिले तर काहीच नव्हते. हे काय झाले? कोर्टात उभे राहून, न पाहिलेली गोष्ट पाहिली असे कुणी सांगितले, तर त्यास आपण खोटा साक्षीदार म्हणतो. माळ घालताना खोटे न बोलण्याचे जे व्रत आपण घेतो, ते तोंडापुरते नसते. बोटांनी लिहिलेलेही त्यात येते.

तेव्हा वडिलांना भीती वाटली ती संशयाच्या पापाची. आणि त्या भीतीपोटी मुलाने असत्य केले, तिकडे त्यांची नजर गेली नाही. गाडी तपासणे हे मिस्त्रीवरच्या अविश्वासातून निघावे असे मुळीच नाही. आपल्या स्वतःच्या सहीची चाड म्हणून निघावे. मिस्त्री हरिश्चंद्राचा अवतार असला तरी न पाहता "पाहिले" असे लिहून देणे खोटेच राहते. आणि मिस्त्री लबाड निघाला तर आपली ती खोटी साक्ष त्याच्याच कामी येते. उद्या तक्रार केली तर तो हाच कागद पुढे करील, की ही बघा तुमची सही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कुणी म्हणेल, तुकोबांनी कर्जखतांचे कागद इंद्रायणीत बुडविले. लोकांकडून येणे होते ते सोडून दिले. आणि तुम्ही त्यांचे नाव घेणारे, दीड-दोन लिटर ऑइलपायी वर्कशॉपच्या दारात उभे राहून चौकशी करा म्हणता? वैराग्य ते हेच का?

ही कथा आपण नेहमी सांगतो, पण तिचा एक भाग घाईत गाळतो. महिपतीबुवांनी जे चरित्र सांगितले, त्यात तुकोबांनी सगळी खते बुडविली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा होता. तो निम्मा त्यांचा त्यांस दिला, आणि आपल्या वाट्याचे निम्मे तेवढे पाण्यात सोडले. ज्यावर आपला एकट्याचा हक्क तेच आपण सोडू शकतो, दुसऱ्याचे सोडण्याचा अधिकार आपणांस नाही, इतकी काटेकोर समज त्या वैराग्यात होती. हा विवेक गाडीला लावून पाहा. ऑइलचे पैसे गेले, ते आपले. सोडावयाचे तर खुशाल सोडा, आम्ही भले म्हणू. पण मागच्या चाकाच्या आसाचा नट आवळला आहे की नाही, यावर कुणाचा हक्क आहे? मागच्या सीटवर म्हातारी आई बसते. पुढे टाकीवर पोर बसते (बसवू नये, पण गावोगाव बसवितात). समोरून सायकलवाला येतो, कडेने शाळेच्या मुली चालतात. त्यांचा जीव हा तुमच्या वाट्याचा कागद नव्हे. बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापूरला जाणारा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आठवा. तुकोबांची पालखी तो मुक्काम करीत करीत, रिंगणे करीत चालते. तोच आता पालखी महामार्ग झाला आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपुरात त्याची पायाभरणी झाली. रुंद रस्त्यावर पोरे गाडी कशी हाकतात ते आम्ही सांगावयास नको. त्या वेगात ब्रेकची तार सैल असली तर भोगावे लागते ते सही करणाऱ्या एकट्यालाच असे नाही.

आता दुसरी अडचण. तपासले तर मिस्त्रीला राग येणार नाही का? आपण त्याचा अपमान करीत नाही का?

येथे आम्हांस गोरोबाकाकांची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी थापटणे पाहून विचारले, हे कशाचे? काका म्हणाले, मडके कच्चे की भाजलेले हे याने कळते. मग आमचीही मडकी बघा म्हणाल्या. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत तपासणी चालविली. बाकीचे स्वस्थ बसले. नामदेवरायांस मात्र ते सोसले नाही. मी विठ्ठलाचा लाडका, आणि माझी परीक्षा? काकांनी निवाडा दिला की हे मडके कच्चे. कीर्तनांत या कथेवर हशा होतो आणि पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले इकडे कथा वळते. आम्ही तिच्याकडे कारागिराच्या बाजूने पाहतो. काकांनी तपासले ते चारचौघांत, उघड, सर्वांस सारखे, आणि आपल्या धंद्याच्या हत्याराने. कुणावर आधी आळ घेतला नाही. आणि कच्चे म्हटले म्हणून नामदेवांना कुणी बाहेर काढले नाही. कच्चे मडके भट्टीत घालतात, फोडीत नाहीत. थापटण्याखाली स्वस्थ बसणारे ते पक्के, ही त्या कथेची खूण. ज्याने फिल्टर खरोखर बदलला आहे त्याला "दाखवा" म्हटल्याने काय दुखणार?

आणि अपमानाची गोष्ट काढली तर आमच्या बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याने तरी ती काढू नये. रोज दोन वेळा तो दूध घेऊन डेअरीवर जातो. तेथे त्याच्या दुधात लॅक्टोमीटर बुडवितात, डिग्री बघतात, फॅट काढतात. त्याला कुणी म्हणत नाही की तू पाणी घातलेस. पण पाहिल्याशिवाय घेतही नाहीत. तो हसत कॅन खाली ठेवतो. ऊस कारखान्यावर गेला की भरलेली गाडी काट्यावर घालतात आणि रिकामी झाली की पुन्हा घालतात. त्या रिकाम्या वजनावर शेतकऱ्याचीही नजर असते, आणि असावी. ज्याचे दूध दिवसातून दोनदा तपासले जाते त्याने वर्षातून दोनदा आपली गाडी तपासली, तर आकाश कोसळत नाही. (ज्याच्या दुधाला डिग्री लागत नाही त्याने मात्र वर्कशॉपमध्ये आवाज जरा खाली ठेवावा.)

बारामतीच्या एमआयडीसीत पियाज्योच्या कारखान्यात तीनचाकी गाड्या होतात, आणि २०१२ पासून वेस्पा स्कूटरही होते. अशा कारखान्यांत काम करणारी मुले तुमच्याच गावांत आहेत, त्यांना विचारा. जोखमीचा नट आवळला की त्यावर रंगाचा ठिपका किंवा रेघ मारण्याची पद्धत गाड्यांच्या कारखान्यांत सर्रास असते. पुढच्या माणसाला एका नजरेत कळावे की हा आवळला गेला आहे, आणि रेघ सरकली तर ढिला झाला हेही कळावे. त्या रेघेचा कोणी कामगार अपमान मानीत नाही. गाडी बनते तेथे तपासणी ही रोजची भाकरी आहे. गाडी विकली जाते आणि दुरुस्त होते तेथेच ती अपमान का होते, हे आम्हांस उमगत नाही.

तर मग तपासावे कसे? येथे थोडे तपशिलात गेले पाहिजे, कारण न समजता केलेली तपासणी ही खरोखर संशयच असते.

पहिली गोष्ट, गाडीबरोबर मिळालेले पुस्तक वाचावे. बहुतेकांच्या घरी ते पॉलिथीनमध्ये तसेच पडून असते. पहिल्या सर्व्हिसला नेमके काय करावयाचे हे त्यात लिहिलेले असते, आणि ते प्रत्येक गाडीचे वेगळे. काही गाड्यांत कागदी फिल्टर असतो, तो बदलतात. काहींत नुसती जाळी असते, ती धुवावयाची असते. ज्या गाडीत बदलावयाचा फिल्टरच नाही तिच्या मिस्त्रीकडे "जुना फिल्टर दाखव" म्हणून आरडाओरड केली, तर चोर तो ठरत नाही, अन्यायी आपण ठरतो. अज्ञानातून घेतलेला आळ हाही खोट्या साक्षीचाच भाऊ.

दुसरे, गाडी देण्यापूर्वी ऑइल पाहून ठेवावे. गाडी सपाट जागी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर दोन-चार मिनिटे थांबून, काचेतून किंवा ऑइलच्या काडीवर पाहावे. काटा किती किलोमीटरवर आहे ते जॉब कार्डावर घालून घ्यावे. काय काय करणार आणि ऑइल कोणते घालणार ते विचारावे. परत घेताना त्याच रीतीने पुन्हा पाहावे. ताजे ऑइल मधासारखे स्वच्छ दिसते. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी वाईट तसे जास्तही वाईट. पण हे त्याच दिवशी, तेथेच पाहावे. आठ-पंधरा दिवसांनी ऑइल काळपट झाले म्हणून ते बदलले नाही असे सिद्ध होत नाही. नवे ऑइलही लवकर रंग धरते. इंजिनखालच्या ज्या बोल्टमधून ऑइल सोडतात त्याभोवती पाहावे. तो काढलेला असेल तर पाना लागल्याची ताजी खूण बहुधा असते, आणि थेंब गळत असेल तर तेही तेथेच दिसते. चेन खालून बोटाने वर-खाली करून पाहावी; किती खेळावी ते पुस्तकात असते. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांच्या रेघा सारख्या आहेत का ते पाहावे, नाहीतर चाक तिरके बसते. दोन्ही ब्रेक दाबावेत, ब्रेकचा दिवा लागतो का पाहावे, आणि वर्कशॉपच्या दारातच एक फेरी मारावी. सगळे मिळून पंधरा मिनिटांचे काम.

नरहरी सोनारांची कथा येथे आठवते. सावकाराने विठ्ठलाच्या कमरेचे माप आणून दिले आणि त्या मापावर त्यांनी करगोटा घडविला. तो एकदा कमी भरला, एकदा जास्त. कारागिरी निर्दोष होती, हात खोटा नव्हता. पण काम ऐकीव मापावर चालले होते. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून का होईना, स्वतः जाऊन हात लावावा लागला. कागदावरच्या बरोबरच्या खुणांचे तसेच आहे. यादीतली वीस कामे एका दमात खुणा करून "झाली" म्हणता येतात. हात लावल्याशिवाय माप कळत नाही.

एक युक्ती आजकाल पुष्कळ लोक सांगतात. बोल्टावर आधीच नेलपॉलिशचा गुपचूप ठिपका द्यावा, आणि परत आल्यावर तो तसाच असला तर समजावे की बोल्ट काढलाच नाही. ही रीत पापाची आहे असे आम्ही म्हणणार नाही. गाडी तुमची, ठिपका तुमचा. पण आम्हांस ती आवडत नाही. सापळा लावून माणूस घरी गेला की तो दिवसभर सापळ्याचाच विचार करतो; आणि खरे सांगावयाचे तर समोरचा सापडावा अशी एक बारीक इच्छा मनात धरू लागतो. काम नीट झालेले निघाले तर त्यास हायसे वाटण्याऐवजी किंचित निराशाच होते. हे मनाला लागलेले गंजणे आहे. त्यापेक्षा मिस्त्रीला तोंडावर सांगावे, "दादा, जुना फिल्टर फेकू नका, मला बघायचाय. ऑइल सोडताना मला हाक मारा, मी बाहेर बाकावर बसलोय." जे गोपनीय ठिपक्याने साधावयाचे, ते उघड बोलण्याने अधिक साधते. कारण ठिपका चूक झाल्यावर सांगतो, आणि बोलणे चूक होण्यापूर्वीच तिला आडवे येते. काही वर्कशॉपांत गिऱ्हाइकाला आत येऊ देत नाहीत. यंत्रांची जागा आहे, त्यांचेही बरोबर. मग काचेतून बघावे, किंवा जुने सामान बाहेर मागावे. तेवढेही नाकारले तर मात्र सही करावयाची की नाही हे आपल्या हाती आहे.

आणि हेही विचारात घ्या, की काम न करणारा तो मिस्त्री कोण असतो. आम्ही अशा पोरांशी बोललो आहोत. आयटीआय करून नुकताच लागलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. सकाळपासून गाड्यांची रांग. वरून माणूस आकडा विचारतो, किती झाल्या? आकडा भरला नाही तर बोलणी बसतात. पुढे काउंटरवर आपण उभे, दर दहा मिनिटांनी "झाली का? झाली का? मला लासुर्ण्याला जायचंय" म्हणून. पोरगा काय करील? जे दिसते ते करील, जे दिसत नाही ते सोडील. त्याची चूक आहेच. पण त्या चुकीत आकडा मागणाऱ्याचा वाटा आहे, आणि तासाभरात गाडी हवी म्हणणाऱ्याचाही. ज्याने मिस्त्रीला वेळच दिला नाही त्याने नंतर कामात काटछाट केली म्हणून कपाळाला हात लावावा, हे नीट नाही. सर्व्हिसला गाडी टाकावयाची तर तो अर्धा दिवस मोकळा ठेवावा. एकादशीचा दिवस त्यास बरा. नाहीतरी फराळ सोबत असतो.

काम झाले नाही असे आढळलेच तर? आधी ज्याने केले त्यास, एकट्यास, शांतपणे सांगावे. "हे राहिलंय, करून द्या." दहातले आठ येथेच मिटते. नाही मिटले तर वरच्यास सांगावे, आणि कार्डावर लिहून घ्यावे की अमुक काम राहिले होते, ते अमुक तारखेस पुन्हा केले. तरीही नाही तर कंपनीला लिहावे. त्यापुढे सरकारचा कायदा आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा आला आणि २०२० च्या जुलैपासून तो चालू आहे. सेवेतील उणीव ही त्यात तक्रारीची गोष्ट आहे. आमच्या पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, ती असा कायदा होण्याच्या बारा वर्षे आधी. तेव्हा हा विचार आपल्या मातीला परका नाही. "सर्व्हिस फुकट होती, मग बोलायचं काय?" असे काहीजण म्हणतात. फुकट असते ती मजुरी, आणि तीही गाडीच्या किमतीतच धरलेली. ऑइलचे पैसे तर वेगळे मोजून घेतात. ते घेऊन ऑइल घातले नसेल तर त्यास माप मारणे हेच नाव आहे, मग दुकानावर कंपनीची पाटी केवढीही मोठी असो.

मात्र चावडीवर बसून "त्या दुकानातली सगळी चोर" असे बोलू नये. सगळी आपण पाहिलेली नसतात. एका कार्डावर न पाहता सही केली ती जशी खोटी, तशी ही न पाहता दिलेली शिवीही खोटी.

शेवटी एक बाजू राहते, आणि ती आमच्या प्रश्नकर्त्यांच्या ध्यानात आलेली नाही, शेजाऱ्याच्याही नाही. काम सगळे नीट झालेले निघाले तर काय करावे? बहुतेक लोक गप्प किल्ली फिरवून निघून जातात. तपासणी चोर पकडण्यासाठी होती, चोर सापडला नाही, संपले. पण आम्ही वर म्हटले की न केलेले काम जसे दिसत नाही तसे केलेलेही दिसत नाही. ज्या पोराने आकड्याच्या रेट्यातही इंजिनखाली आडवे होऊन बोल्ट सोडला, जुने ऑइल पूर्ण गळेपर्यंत थांबला, नवा वायसर घालून बेताने आवळले, त्याच्या त्या थांबण्याचा साक्षीदार कोण? त्याच्या शेजारच्या ठाण्यावर दुसऱ्याने नुसते धुऊन दिले, आणि दोघांच्या कार्डांवर खुणा सारख्याच. महिन्याच्या शेवटी आकडा दुसऱ्याचाच अधिक. कोणी पाहिलेच नाही तर प्रामाणिक माणसाला या दुकानात वेडा ठरण्यावाचून गती नाही. आपण "विश्वास आहे" म्हणून पाठ फिरवितो तेव्हा आपण या पहिल्या पोराला दुसऱ्याच्या रांगेत उभा करतो. वडिलांना वाटले की न पाहण्याने मिस्त्रीचा मान राखला. तो मिस्त्री खरा असेल तर त्याचा मान राखण्यासाठीच पाहावयाला हवे होते.

म्हणून मुलाने उद्या नव्हे, आजच जावे. गाडी घेऊन जावे, आणि भांडावयास जातो असे चेहऱ्यावर नसावे. मिस्त्रीला बोलावून, सोबत बसून ऑइलची पातळी बघावी, चेन बघावी, बोल्ट बघावा, फिल्टरचे विचारावे. राहिले असेल तर करून घ्यावे. झाले असेल तर सुपरवायझरच्या समोर, त्या पोराचे नाव घेऊन सांगावे की याने काम चोख केले आहे. आणि कार्डावर नुसती सही आहे, तिच्या शेजारी जागा असेल तेथे लिहावे: ऑइल, चेन, ब्रेक पाहिले, ठीक आहेत. खाली तारीख घालावी.